रिद्धी कान झाकते त्या वेळा

पहिलंच सांगते, मी असल्या गोष्टी मानत नाय. माझ्या माहेरची मानसं गावातल्या चिंचेखालून जाताना थुंकतात, मी पोरीला घेऊन तिथेच सावलीला बसते. भूत, लागीर, नजर… काय नाय. ह्या पेजवरच्या गोष्टी पन मी टाइमपास म्हनून वाचायची आनि हसायची. आता हसू येत नाय. माझं शिक्षन आठवीपर्यंत, फोनवर लिहितेय, चुका झाल्या तर समजून घ्या. आनि ही भुताची गोष्ट नाय. भूत असतं तर बरं झालं असतं, ते काढनारी मानसं तरी आमच्याकडे आहेत.

आम्ही गासला राहतो, नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला. घरामागे सासऱ्यांची वाडी आहे, थोडी भाजी होते, ती घेऊन सासू सकाळी होळी बाजाराला जाते. आमचे हे वसई पूर्वेला एका कंपनीत आहेत. आनि माझी पोरगी रिद्धी, अडीच वर्षांची. तिला ऐकू येत नाय.

दोन वर्षांची होईपर्यंत कोनाला कळलंच नाय, कारन हसायची, मागे मागे यायची. मंग दिवाळीत बाजूच्या अंगनात लवंगी माळ लागली, मी दचकले, आनि ही पावडरचा डबा चाटत बसलेली. मान पन वळवली नाय.

कानाच्या दवाखान्यात नेलं. सिस्टर बोलली, मोठी तपासनी तीन महिन्यांनी आहे, तोपर्यंत पोरगी कुठल्या आवाजाला काय करते ते लिहून ठेव. तारीख, वेळ, कसला आवाज. थोडं जरी ऐकत असेल तर कानामागची साधी मशीन चालेल, नायतर ऑपरेशन. ऑपरेशन म्हंजे कानामागचं हाड कोरून आत मशीन बसवतात. एवढुसं डोकं तिचं… माझा सगळा जीव त्या लिहिन्यात होता. एक एक आवाज भेटला की मला वाटायचं, ऑपरेशन एक पाऊल लांब गेलं.

आनि रिद्धी करायची. खोटं नाय सांगत. खेळता खेळता मधेच थांबायची, दोन्ही हात कानावर दाबायची, मान वर करायची. डोळे असे हळूहळू फिरायचे, जसं वरून कायतरी चाललंय. अर्धा मिनिट. मंग परत खेळ चालू.

सासू बोलायची, "कान झाकते म्हंजे ऐकते. तू उगाच डॉक्टरची घरं भरते."

मला पन तेच पायजे होतं. तिने कान झाकले की मी आजूबाजूला आवाज शोधायची. कुकर असेल तर कुकर लिहायची. लांब कुठे लग्नाचा बेंजो असेल तर बेंजो. एकदा कायच नव्हतं तर लिहिलं, कावळा. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर. दोन महिन्यांत अकरा वेळा लिहिल्या.

मी एव्हरशाईन सिटीमध्ये एका मॅडमकडे पोळीभाजीचं काम करते. मॅडम एकट्या राहतात, सकाळपासून कंप्युटरसमोर. सासू बाजारात, म्हनून रिद्धीला मी बरोबर नेते, ती किचनच्या दारात चमचे घेऊन बसते. मॅडम काय काम करतात ते मी एकदाच विचारलं होतं. त्या बोलल्या, पृथ्वी म्हणजे एक मोठं चुंबक आहे, सूर्याकडून बारीक बारीक कण येतात ते त्या चुंबकात अडकतात आणि भोवती गरगर फिरतात. मी बोलले, भात पाखडताना कोंडा उडतो तसं. त्या हसल्या, हो, पण गोळीपेक्षा कितीतरी जोरात. वर सॅटेलाइट आहे, त्यात एक यंत्र, सेकंदाला किती कण आपटले ते मोजतं. कधी कधी एकदम खूप येतात, तेव्हा कंप्युटरवरची रेघ ताडासारखी वर जाते. ती वेळ मॅडम लिहून ठेवतात. बस, एवढंच मला माहीत होतं.

तपासनीच्या आधी मी ते कॅलेंडरचं पान घेऊन गेले. बोलले, मॅडम, माझं अक्षर गचाळ आहे, जरा नीट कागदावर उतरवून द्याल का. त्या बोलल्या दे. मी कनिक मळायला गेले. थोड्या वेळाने बाहेर एकदम शांत झालं. त्या लिहिताना गुनगुनतात, ते थांबलं.

"जागू, ह्या वेळा कुणी लिहिल्या?"

"मीच. अक्षर खराब आहे म्हनून तर तुम्हाला दिलं."

"अक्षराचं नाही विचारत. मंगळवार, अकरा दहा. काय झालं होतं?"

"रिदूने कान झाकले. कुकर झाला तेव्हा."

"नक्की कुकर?"

मी बोलले, "कुकर होता मॅडम… त्याच टायमाला होता असं नाय सांगू शकत."

त्या उठून आतून त्यांचा कागद घेऊन आल्या. त्यावर लंडनचा टाइम असतो, त्यात साडेपाच तास मिळवले की आपला होतो. मिळवत मिळवत वाचायला लागल्या. "तुझं मंगळवार अकरा दहा, माझं मंगळवार दहा पन्नास. तुझं शुक्रवार एक चाळीस, माझं एक वीस. हे बघ, तुझं चार पंचवीस, माझं चार पाच." आनि हसल्या. "घाबरवलंस की गं मला. दिवस जुळतायत, पण वेळ नाही जुळत. बघितलं तिथे सगळीकडे वीस मिनिटांचा फरक आहे. सुटले बाई."

माझ्या हाताला कनिक तशीच.

"मॅडम… आमचं घड्याळ वीस मिनिटं पुढे आहे."

ह्यांची कंपनीची बस दोनदा चुकली तेव्हापासून सासऱ्यांनी काटा पुढे करून ठेवलाय. आमच्याकडे घराघरात असंच असतं. बघताना आपन मनात वीस वजा करतो. पन लिहिताना कोन वजा करतं? सगळ्या वेळा घरच्याच, मी जे दिसलं ते लिहिलं.

मॅडम बसल्याच. खुर्ची पन ओढली नाय, तिथेच सोफ्याच्या दांड्यावर टेकल्या. मंग परत पहिल्यापासून एक एक बघितलं, बोट ठेवून. अकरातल्या नऊ वेळा जुळल्या. मिनिटाला मिनिट. दोन नाय जुळल्या.

"ह्या दोन नाहीत," त्या बोलल्या, जरा बरं वाटल्यासारखं. "बघ, चौदा तारखेला वर काहीच नव्हतं. आणि ही सत्तावीस."

मला रडूच आलं. कारन त्या दोन मी खोट्या लिहिल्या होत्या. त्या दोन्ही आठवड्यांत रिदूने कायच केलं नव्हतं, आनि कागद रिकामा दिसेल म्हनून मी आपल्या मनाने लिहिलं, मिक्सर. हे मी ह्यांना पन नव्हतं सांगितलं. मॅडमना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला आनि रिदूकडे बघत बसल्या. ती चमच्यावर चमचा ठेवत होती.

मी बोलले, त्या कनांचा आवाज खाली येत असेल. त्या बोलल्या, "तिथे हवाच नाही, आवाज कुठून होणार? आणि ते कण आपल्यापर्यंत पोचतच नाहीत, वरच्या वर हवेत अडतात. तुझ्या पत्र्यापर्यंत काहीही येत नाही."

"मंग रिदूला कसं?"

"मला माहीत नाही."

"तुम्ही एवढ्या शिकलेल्या."

"म्हणून तर माहीत नाही म्हणते, जागू."

मंग बोलल्या, योगायोग असेल, कुठे बोलू नकोस. मी पन तेच धरून बसले. योगायोग. हा शब्द मी दिवसातून शंभर वेळा बोलले असेन.

आठ दिवसांनी, सोमवारी, सकाळची वेळ. लाईट गेलेली. पंखा बंद, फ्रीज बंद, खालची लिफ्ट बंद, चौथ्या मजल्यावर नुसती शांतता. मॅडम चहा घेत किचनमध्येच उभ्या होत्या. रिदूच्या हातातले चमचे पडले. दोन्ही हात कानावर. मान वर. तोंड उघडं. डोळे हळूहळू फिरले… खिडकीकडून दाराकडे.

मॅडमनी फोनमध्ये टाइम बघितला आनि पेनाने हातावर लिहिला. मंग एकदम हळू आवाजात विचारलं, "नेहमी असेच फिरतात का डोळे? ह्याच बाजूला?"

मी विचार केला. घरी ती समुद्राकडून तुंगारेश्वरच्या डोंगराकडे बघत जाते. इथे खिडकीकडून दाराकडे. दोन्हीकडे तीच बाजू. बोलले, "हो, उगवतीकडे. कदी उलटे नाय फिरत."

मॅडमनी कप खाली ठेवला. बोलल्या, "ते कणही त्याच बाजूला फिरतात. पश्चिमेकडून पूर्वेकडे." मी विचारलं, आता बघा ना, आता वर काय आहे का. तर बोलल्या, आत्ताचं मला उद्या कळतं. म्हंजे त्या टायमाला त्यांना पन माहीत नव्हतं. कोनाला माहीत नव्हतं. फक्त माझ्या पोरीला.

दुसऱ्या दिवशी मी बेल वाजवली. मॅडमनी दार उघडलं, आत ये पन नाय बोलल्या. नुसती मान हलवली, हो, जुळलं म्हनून. डोळे सुजलेले. मी पोळ्या केल्या, भाजी केली. निघताना बोलल्या, "पुढच्या वेळी झालं तर मला सांगू नकोस. माझ्याच्याने होणार नाही." आनि रिदूच्या डोक्यावर हात ठेवला… ठेवता ठेवता जरासा थांबवला, मला दिसलं.

मंग मोठी तपासनी झाली. रिदूला झोपवलं, डोक्याला वायरी लावल्या. डॉक्टर चांगले आहेत, समजावून सांगतात. मी मॅडमच्या अक्षरातला कागद पुढे केला. खोट्या दोन वेळा खोडल्या होत्या. त्यांनी बघितला, फाइलला लावला.

"कान झाकते ती सवय असेल, ताई. लहान मुलं करतात. पण हिने आजपर्यंत एकही आवाज ऐकलेला नाही. कुकर नाही, बेंजो नाही, काहीच नाही. साध्या मशीनचा उपयोग नाही. नस चांगली आहे, ऑपरेशन करू."

म्हंजे माझा कागद सगळा खोटा निघाला. आनि सगळा खरा पन. मी काय बोलनार? सांगू, की डॉक्टर, ती खालचं ऐकत नाय, वरचं ऐकते? पोरीच्या आधी मलाच ॲडमिट केलं असतं.

ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. ह्या जुळलेल्या वेळांचं ह्यांना मी अजून सांगितलं नाय. मॅडमना एकच विचारलं, की मशीन बसल्यावर ते वरचं बंद होईल का, की अजून जोरात येईल. त्यांनी नुसता माझा हात धरला.

डॉक्टर बोलले, मशीन चालू करायच्या दिवशी कोनी टाळ्या वाजवू नका, खुळखुळा नको, पहिला आवाज आईचा असू दे, तुम्ही नावाने हाक मारा. हे ऐकून ह्यांना रडू आलं. सासूने देवापुढे साखर ठेवली. शेजारनी बोलतात, नशीबवान आहेस गं, पोरीच्या कानात पहिली तू जानार. मी हो हो करते. भांडी घासताना हळूच प्रॅक्टिस पन करते, रिदू… ए रिदू…

पन मला माहीत आहे ना. पहिली मी नाय. माझ्या आधी तिथे कायतरी जाऊन आलंय, एकदा नाय, दहा वेळा. ते काय होतं हे डॉक्टरला माहीत नाय, मॅडमला नाय, मला तर नायच. आनि जिला माहीत आहे तिला अजून बोलता येत नाय.