मागलं आलं का?

गाडीत चढण्याआधी ती गाडीच्या मागे जायची. बाकीचे उमेदवार समोरून यायचे, काचेखालच्या पत्र्याला हात लावून तो कपाळाला लावायचे आणि केबिनमध्ये उडी मारायचे. ही मात्र मागच्या चाकावर तळहात टेकायची, मेंढीच्या पाठीवर टेकावा तसा, आणि स्वतःशीच विचारायची, "मागलं आलं का?"

गाडी तोवर जागची हललेलीही नसायची.

बीडजवळच्या एसटीच्या चालक प्रशिक्षण केंद्रात मी हजेरी-कारकून होतो. काम थोडं, म्हणून वाचन भरपूर. टेबल खिडकीशी आणि खिडकीबाहेर सरावाचं मैदान. लाल गाडी शिकायला बायकांची पहिली तुकडी आली त्या दिवशी मी हातातलं पुस्तक मिटलं. तुम्हीही मिटलं असतं. तुकडीत सहा जणी होत्या. पाच जणींबद्दल सांगण्यासारखं काही नाही. त्या वेळेवर यायच्या आणि नीट शिकायच्या.

ही सहावी. नांदूरघाटाकडची, मेंढपाळाच्या घरातली. मामाच्या ट्रकवर हात बसवून जड वाहनाचा परवाना घेऊन आलेली. भाषा रांगडी, आवाज मोठा. वाऱ्यावर हाका मारून मोठा झालेला.

शिकवणारे मास्तर जुने ड्रायव्हर. बाप्यांना ते "ब्रेक दाब बे" म्हणून शिकवत. बायकांना 'बे' कसं म्हणावं, हा त्यांच्यापुढचा मोठा पेच होता. पहिला आठवडा त्यांनी तिला कुठलीच हाक मारली नाही, नुसता हॉर्न वाजवायचे. मग 'ओ बाई'वर तडजोड झाली.

मागच्या चाकाचं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "भाऊसाहेब, आमच्यात म्होरलं मेंढरू कुणी बघत न्हाई. म्होरलं जातंच. मागलं लंगडं आलं का, त्ये बघायचं."

पुढाऱ्यांच्या जिल्ह्यात राहून मी हा विचार प्रथमच ऐकत होतो.

पण याच सवयीने तिचा घात केला. शेवटच्या परीक्षेत दांड्यांच्या दोन रांगांमधून गाडी उलटी न्यायची असते. दांडीला धक्का लावायचा नाही आणि मध्येच खाली उतरायचं नाही. तिने अर्ध्यात गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, उतरली, मागे जाऊन बघून आली, पुन्हा चढली आणि गाडी सुतासारखी सरळ आत घातली. परीक्षक साहेबांनी 'नापास' लिहिलं.

"मागं न बघता मागं कसं जायाचं?" तिने विचारलं. प्रश्न मला बिनतोड वाटला. साहेबांना वाटला नाही.

दुसऱ्या वेळी ती उतरली नाही. आरशाला डोळे चिकटवून बसली आणि शेवटची दांडी आडवी केली. "आरशात मागलं लांब दिसतंय," एवढंच म्हणाली. त्या दिवशी तिने डबा उघडला नाही.

संधी तीनच. तिसरी हुकली की घर. आणि घरी थोरल्या भावाने तिच्या वाट्याची मेंढरं अजून विकली नव्हती. येईल परत, म्हणत होता. तिची काठीही खुंटीवरून काढू दिली नव्हती. हे तिने मला हसत सांगितलं, पण सांगताना नजर मैदानावर होती.

दुसऱ्या दिवशी ती खिडकीशी आली. "भाऊसाहेब, चढायच्या आधी बघितलेलं नियमात बसतंय का?"

मी कपाटातून नियमावली काढली. ती पूर्वी कुणी वाचल्याची खूण नव्हती; पानं एकमेकांना चिकटलेली. दोनदा वाचली. एकदा चढल्यावर उतरायला मनाई होती. चढण्याआधी किती बघावं, यावर नियमावली गप्प होती.

मग रोज सरावानंतर ती एकटी मैदानात राहायची. मागच्या चाकापासून शेवटच्या दांडीपर्यंत उलट्या पावलांनी चालायची, मान न वळवता. मास्तर म्हणाले, "ओ बाई, गाडी चालवायची हाय. तुमी कावून चालताय?"

"मेंढरं न्यायच्या आधी आमी वाट चालून येतो, मास्तर."

मास्तरांनी डोक्याला हात लावला. दोन दिवसांनी मात्र ते तिच्यासाठी दांड्यांमधलं अंतर हळूच कमी करताना मला दिसले.

तिसरी परीक्षा नेमकी गौरव समारंभाच्या दिवशी आली. महिला चालकांचा गौरव करायला एक पुढारी येणार होते. त्यासाठी मांडव घातला होता महिला चालकांच्याच परीक्षेच्या मैदानात. पुढारी दोन तास उशिरा आले. त्यांच्या पांढऱ्या गाड्या उरलेल्या जागेत लागल्या आणि गाड्यांचे चालक नाश्त्याला गेले. दांड्या रोवायला जागाच उरली नाही. परीक्षक साहेब घड्याळ बघून म्हणाले, आता परीक्षा पुढच्या तुकडीबरोबर, सहा महिन्यांनी.

सहा महिने ती काठी खुंटीवर राहिली नसती, पुन्हा तिच्या हातात आली असती. ते तिला ठाऊक होतं, मलाही.

ती म्हणाली, "साहेब, दांड्या कावून पायजेत? ह्या गाड्या हायतच की."

एका बाजूला कुंपणाची भिंत, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या गाड्यांची रांग. मधली वाट दांड्यांच्या वाटेहून अरुंद. साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, "घ्या साहेब. ओरखडा आला तर माझी नोकरी."

ती मागे गेली. भिंतीकडेने उलट्या पावलांनी चालली, टोकाला थांबली, परत आली. चाकावर तळहात टेकला. ओठ हलले. मग चढली.

मांडवात पुढारी स्त्रीशक्तीवर बोलत होते. ती मागेच, लाल गाडीत, उलटी निघाली होती. आधी शेवटच्या रांगेने मान वळवली, मग मधलीने, मग सत्कारासाठी बसवलेल्या पाच जणी थेट खुर्च्यांवरच चढल्या. सगळ्यात महागड्या गाडीचा आरसा आणि आमचा लाल पत्रा यांच्यामध्ये माझ्या पुस्तकाएवढी फट होती, आणि पुस्तक जाड नव्हतं. गाडी एकदाही थांबली नाही. टोकाला पोचली आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पुढाऱ्यांनी भाषण थांबवून दोन्ही हात जोडले.

साहेबांनी 'पास' लिहिलं. मास्तर केबिनकडे धावत सुटले. "जमलं बे!" ते ओरडले, आणि मग जीभ चावली. ती खिडकीतून बघत हसत होती. सत्काराची शाल तिला नंतर मिळाली. पण मान मिळाला तो त्या 'बे'चा, असं तीच म्हणायची.

तिची नेमणूक दुसऱ्या आगारात झाली आणि मी निवृत्त झालो. थोरल्याने मेंढरं विकल्याचं मास्तरांकडून कळलं. काठी तिने त्याच्याकडून मागून नेली म्हणे.

परवा मांजरसुंब्याला बीडच्या गाडीची वाट बघत होतो. कडा गावाहून गाडी आली, गर्दी दारावर तुटून पडली. माझा गुडघा आता गर्दीशी स्पर्धा करत नाही. मी धाब्याच्या पायरीवरून पिशवी सावरत निघालो तेव्हा घंटी दोनदा वाजलेली होती. गेली, म्हटलं.

गाडी हलली नाही. केबिनमधून वाऱ्यावर मारलेल्या हाकेसारखा आवाज आला.

"मागलं आलं का?"

"आलं, आलं," वाहकाने मला दंडाला धरून आत ओढत सांगितलं. "एक म्हातारं राहिलतं."

मग गाडी निघाली. गर्दीतून मला ती दिसली नाही. सीटमागे उभी ठेवलेली काठी तेवढी दिसली.