पश्चिमेची पडवी

आमच्या खाडीकाठच्या विद्यापीठ-आवारातील सर्वांत जुन्या इमारतीत भर दुपारी दिवे का लावावे लागतात? या लेखापुढे एवढा एकच प्रश्न आहे. तो मुळात माझा नाही. माझी थोरली मावसबहीण वसुधाताई हिचा आहे. ती वास्तुरचनाकार होती, कल्याणला राहत होती. महिन्यापूर्वी एका सकाळी तिच्या मुलीचा, केतकीचा, फोन आला : "मावशी, आई गेली..." त्या वेळी मी कोपरच्या घरातून तिच्याकडेच निघण्याच्या तयारीत होते. तिला एक उत्तर सांगायचे होते. आदल्या संध्याकाळीच सांगणार होते, पण तिचा नुकताच डोळा लागला होता. आजारी माणसाला उठवू नये म्हणून मी ते दुसऱ्या दिवसावर ठेवले. ते उत्तर आता वाचकांना सांगते आहे. मात्र सारी नोकरी शाळेत भूगोल शिकवण्यात गेल्यामुळे, आधी जागा समजावून दिल्याशिवाय मला पुढे सरकता येत नाही.

इमारतीचे वय रंगावरून ओळखू नये, खिडकीवरून ओळखावे, असे ताई सांगे. त्या आवारात फाटकातून आत शिरले की उजव्या हाताला जुनी इमारत लागते. तिला काळ्या दगडाचे जोते आहे, त्यावर उंच खिडक्या, आणि खिडक्यांच्याही वर, तापलेली हवा बाहेर जावी म्हणून ठेवलेले झरोके. तिच्या पुढची विज्ञान विभागाची इमारत काँक्रीटच्या काळातली; भिंती पातळ, म्हणून खिडक्यांवर रुंद छज्जे. सर्वांत अलीकडची इमारत काचेची आहे आणि तिची एकही खिडकी उघडत नाही. "पहिलीला वारा कळत होता, दुसरीला निदान ऊन कळत होतं, तिसरीला फक्त विजेचं बिल कळतं," असे ती म्हणे. जुन्या इमारतीला पश्चिमेकडे, म्हणजे खाडीच्या अंगाला, या टोकापासून त्या टोकापर्यंत पडवी होती. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणतात. पडवीचे सगळे खण मोकळे होते. उतरते ऊन पडवीतच अडे आणि वारा तेवढा वर्गापर्यंत पोहोचे. ज्या कोणी ती बांधली त्याचे नाव कोठे कोरलेले नाही. ताईने ते पुष्कळ शोधले, सापडले नाही.

ही पडवी ताईनेच बंद केली. नवे कार्यालय थाटल्यानंतरचे ते तिचे पहिले मोठे काम. विद्यार्थी वाढले होते, खोल्या कमी पडत होत्या. तिने मोजणी दिवाळीच्या सुट्टीत केली, कारण सुट्टीत वर्ग रिकामे असतात आणि टेप अडथळ्याशिवाय पसरता येते. ती सकाळी केली, कारण सकाळी उकाडा कमी. पडवीत कोणी नव्हते. नकाशावर त्या लांब पट्ट्यावर तिने सुबक अक्षरांत 'विनावापर जागा' असे लिहिले. मग मे महिन्यात खण विटांनी बुजले, आतून आडव्या भिंती पडल्या, वर गिलावा आणि रंग चढला, आणि जून उजाडताना खोल्या तयार झाल्या. तिचा सत्कारही झाला. मी गेले होते. सर्वांना मनापासून आनंद झाला होता.

पुढे बऱ्याच वर्षांनी तिला त्याच इमारतीत व्याख्यानासाठी बोलावले. वेळ दुपारची होती. पंखे गरगरत होते, सगळे दिवे चालू होते आणि मागच्या बाकांवरची मुले पेंगत होती. तिने हातातला डस्टर टेबलावर ठेवला आणि विचारले, "इथे नेहमी असंच असतं का?" मुले हसली. "नाही मॅडम, आज लाइट आहेत, म्हणून दिसताय तरी!" त्या दिवशी ती घरी न जाता थेट माझ्याकडे आली. चहा घेतला नाही. "अगं, मी ती जागा मोजली, पण तासाला कधी बसलेच नाही तिथे..." एवढेच म्हणाली.

तेव्हापासून दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना ती आवार हिंडवून दाखवू लागली, आणि सुरुवात न चुकता त्या बुजलेल्या पडवीपासून करी. एकदा मीही सोबत होते. मधल्या एका खोलीत एक मुलगी भिंतीवर थापट्या मारत म्हणाली, "मॅडम, हे कोणी बंद केलं? डोकं ठिकाणावर होतं का त्याचं?"

"होतं. पण दुपारी कधी इथे बसलेलं नव्हतं. ते डोकं माझंच."

"सॉरी मॅडम! मला तसं नव्हतं म्हणायचं..."

"तसंच म्हण. आणि जरा मोठ्यानं म्हण, मागच्यांना ऐकू गेलं नाही."

सगळे हसले. मुलगी तिथल्याच गावातली निघाली. जरा धीर आल्यावर ती म्हणाली, "आमच्या आजोबांची खाचरं होती ना इथं. खळं ह्याच अंगाला होतं. जेवणं झाली की भात उफणायला उभे राहायचे म्हणे." उफणताना भुसा उडून जायला वारा लागतो, हे सांगावे लागत नाही. ताई खिडकी नसलेल्या त्या भिंतीकडे पाहत राहिली. "म्हणजे माझ्याआधी सगळ्यांना ठाऊक होतं..." ती हळूच म्हणाली. पुढच्या इमारतीकडे आम्ही उशिराच वळलो.

भिंत बांधायला एक सुट्टी पुरली. ती काढण्याची परवानगी मागण्यात ताईची निवृत्तीनंतरची सगळी वर्षे गेली. खोल्या कमी होतील, ही विद्यापीठाच्या समितीची अडचण खरी होती. ताईनेही ती कधी नाकारली नाही. अखेर या वर्षी ठरले, की एकच खण उघडून पाहावा आणि त्याचा अनुभव घेऊन उरलेल्यांचा निर्णय करावा. विटा निघाल्या तेव्हा ताई हृदयाच्या दुखण्याने रुग्णालयात होती. तिने मला पाठवले. मी पाहून आले आणि तिच्या खाटेशी बसले.

"गेलीस?"

"गेले. खण मोकळा झालाय, उजेड छान आलाय. पण वारा नाही गं."

"कधी गेलीस?"

"आत्ता सकाळी. इकडे येता येता."

ती हसली, हसताना खोकला आला. "अगं बाई, जन्मभर पोरांकडून खारे वारे नि मतलई वारे पाठ करून घेतलेस ना? मग सकाळी खाडीकडून वारा येईल कसा? जमीन तापू तरी दे!" जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, म्हणून दुपारी वारा पाण्याकडून जमिनीकडे येतो, तो खारा वारा. रात्री आणि सकाळी उलट, तो मतलई. हा धडा मी फळ्यावर बाण काढून कितीदा शिकवला असेन! ताईचे हसू मात्र ओसरले. माझ्या मनगटावर हात ठेवून ती म्हणाली, "मीसुद्धा सकाळीच गेले होते गं तेव्हा... तू दुपारी जा. आणि आलीस की सांग."

दुसऱ्या दिवशी मी दुपारी गेले. उघड्या खणाच्या कट्ट्यावर दोन मुली पाय सोडून डबा खात होत्या. आतल्या वर्गात तास चालू होता आणि दिवे बंद होते. टेबलावरचे कागद सारखे उडत होते, म्हणून शिकवणाऱ्या बाईंनी त्यांवर डस्टर ठेवला होता. मी काही वेळ तेथे उभी राहिले. मग शेजारच्या, अजून बुजलेल्या खणाच्या खोलीत गेले. तेथे दिवे चालू होते आणि कागदाचे पानही हलत नव्हते. ताईच्या प्रश्नाचे उत्तर ते एवढेच : ज्या भिंतीने वारा अडवला, तिनेच उजेडही अडवला. ते घेऊन मी संध्याकाळी रुग्णालयात पोहोचले. केतकी दारातच हळू आवाजात म्हणाली, "मावशी, आत्ताच झोपलीये." मी म्हटले, "राहू दे. उद्या सांगते."

उरलेल्या खणांचा निर्णय अजून व्हायचा आहे. ताई आता समितीपुढे बोलू शकणार नाही. आणि बहिणीच्या शब्दावर भिंती पाडाव्यात, असे मी म्हणणार नाही. म्हणून वाचकांना साधी विनंती आहे. आपण स्वतः त्या आवारात जा. उघड्या खणाशी उभे राहा, मग शेजारच्या बंद खोलीत थांबा, आणि जे जाणवेल ते तेथील कार्यालयात सांगा. माझे चुकले असेल तर तेही सांगा. फक्त एक करा : सकाळी गेलात, तर दुपारी पुन्हा जा.