वाळवणाच्या बांबूंचा पूल

परवा मैसूर रोडजवळ, नदीवरच्या पुलावर आमची ऑटो अडकली ती अडकलीच. शेजारी माझी नात नाक दाबून बसली होती. "आजी, केवढा घाण नाला आहे हा!"

नाला नाही गं बाई, नदी आहे. वृषभावती. आणि इथे पहिला पूल कसा झाला ते ऐक, म्हटलं... ट्रॅफिक हलत नव्हतंच. आता तुम्हीही ऐका.

आम्ही रंगारी. शहरातल्या जुन्या बाजारपेठेत, चिकपेटच्या गल्लीत पाणी पुरेना, म्हणून माझे आजोबा बिऱ्हाड आणि रंगाचे हंडे घेऊन इथे नदीकाठी आले. त्यांना सगळे अण्णाच म्हणायचे. तेव्हा इथे नाचणीची शेतं होती, बाभळी होत्या आणि आम्ही होतो. रंगवलेल्या साड्या नदीत खळबळायच्या आणि काठावर रोवलेल्या लांब बांबूंवर वाळत घालायच्या.

मी शाळेत जायला लागले आणि बघता बघता समोरचा काठ बदलला... आधी साखळ्या घेऊन जमीन मोजणारे आले, मग पत्र्याच्या शेड, मग फॅक्टरीचा भोंगा. धारवाडहून, बेळगावहून, सेलमहून माणसं आली. त्यांच्यामागोमाग खानावळी, सायकलची दुकानं, शाळा, दवाखाना. संध्याकाळी पलीकडे दिवे लागले की आम्ही पोरं काठावर बसून नुसती बघत राहायचो. आमच्याकडे अजून कंदीलच होते.

आता सगळे म्हणतात, फॅक्टऱ्यांनी नदीची वाट लावली. लावलीच, खोटं कशाला बोलू... पण आमच्या हंड्यांमधला रंगही त्याच पाण्यात जायचा. आणि त्या भोंग्याच्या जिवावर किती घरं उभी राहिली, तेही मी डोळ्यांनी पाहिलंय.

अण्णांना मात्र भोंगा ऐकू आला तरी कपाळाला आठी पडायची. त्यांच्या हाताखाली तयार झालेली माणसं एकेक करून पलीकडे गेली होती. कहर म्हणजे त्यांची स्वतःची धाकटी मुलगी, माझी शांता आत्या, तिकडच्या एका फॅक्टरीत रेडिओचे भाग जोडायला लागली. आमच्या वस्तीतून नोकरीला जाणारी पहिली बाई.

अण्णांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. ती समोर उभी असली तरी भिंतीला सांगायचे, "जेवायला वाढलंय म्हणावं तिला." आत्या गुपचूप जेवायची. पण तिला त्या कामाचं वेड लागलं होतं. घरी आली की केसासारखी बारीक तार कशी जोडायची ते मला हातवारे करून दाखवायची, आणि तिचा चेहरा असा फुललेला असायचा!

फॅक्टरीची बस समोरच्या काठावर, करंजाच्या झाडाखाली थांबायची. आत्या नदीतल्या दगडांवरून पाय टाकत पलीकडे जायची. रस्त्याने वळसा घालून जायचं तर बस चुकणार हे नक्की.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी पावसाने नुसता उच्छाद मांडला... दगड पाण्याखाली गेले. आत्या अजून कामावर पक्की झाली नव्हती. आदल्या दिवशीच तिची दांडी झाली होती, आणि आणखी एक झाली तर नाव कापणार असं सुपरवायझरने सांगून ठेवलं होतं.

सकाळी ती डबा घेऊन काठावर उभी. पाणी गढूळ, ओढ जबरदस्त. समोर बस आली. ड्रायव्हरने हॉर्न दिला... आत्याने साडी खोचली आणि एक पाय पाण्यात टाकला.

तेवढ्यात मागून अण्णांचा आवाज. "थांब गं."

किती महिन्यांनी ते थेट तिच्याशी बोलले होते! वळून पाहिलं तर अण्णा वाळवणाचे बांबू उपटत होते. माझे वडील धावले. आमच्या काठापासून नदीमधल्या मोठ्या खडकापर्यंत, आणि तिथून पलीकडे, दोघांनी दोरीने एकत्र बांधलेले बांबू टाकले. धरायला म्हणून आणखी एक बांबू वर आडवा घेतला. त्याचं एक टोक वडिलांच्या हातात, दुसरं खडकावर उभ्या अण्णांच्या खांद्यावर. रंगाने कोपरापर्यंत निळ्या झालेल्या हातांनी त्यांनी तो घट्ट धरला होता.

पलीकडून ड्रायव्हर ओरडला, "अक्का, निधानवागि बन्नी, सावकाश या, बस थांबवलीय!" आत्या निघाली. खडकाजवळ पोचली तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले, "स्वल्प सांभाळून."

ती बसमध्ये चढली. अण्णा तसेच भिजत उभे... बस वळणावर दिसेनाशी होईपर्यंत.

दोन-तीन दिवसांनी लख्ख ऊन पडलं. चिकपेटच्या दुकानांचा दिवाळीचा माल वाळवायचा राहिला होता, आणि नदीही उतरली होती. वडील बांबू काढून आणायला निघाले. अण्णा हंडा ढवळत होते. मान वर न करता म्हणाले, "राहू देत. उद्या परत पाऊस आला तर तिने जायचं कुठून?"

त्या दिवाळीच्या साड्या आम्ही गवतावर पसरून वाळवल्या. पुढच्या वर्षी त्या बांबूंवरून शेजारच्या दोघी कामाला जाऊ लागल्या, मग गल्लीतल्या आणखी कितीतरी. खूप वर्षांनी सरकारने पक्का पूल बांधला, तोही बरोबर तिथेच. लोकांची पायवाट तिथे आधीच पडली होती ना...

ट्रॅफिक हललं. नातीने नाकावरचा हात काढला होता आणि ती वाकून खाली पाहत होती. "आजी, तो खडक कुठला गं?"

खडक काही दिसला नाही. पण आज आमच्या घरातल्या मुली सकाळी लॅपटॉप घेऊन इलेक्ट्रॉनिक सिटीला निघतात, कुणी कुणाची परवानगी मागत नाही... त्यांना जाताना पाहिलं की खडकावर भिजत उभे असलेले अण्णा मला रोज दिसतात.