खराब जागा सोडून घेतलेली माती

मातीच्या त्या चार पिशव्या मी निवृत्तीनंतरही विसरू शकलेलो नाही. कापसाच्या बोंडअळीवर फवारणीचा उपयोग होईनासा झाला होता, त्या वर्षांतली ही गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ठाणेदार होतो.

बाजाराच्या आदल्या दिवशी शेळ्या पाळणारी एक बाई ठाण्यात आली. गावाबाहेरच्या पडीक जागेवर चरून तिच्या तीन शेळ्या मेल्या होत्या. त्याच जागेवर नगर परिषद अंगणवाडी बांधणार होती.

"साहेब, नगरपालिकेचा कागद म्हंते माती चांगली हाय," ती म्हणाली. "मंग माह्या बकऱ्या काहून मेल्या? माही नात तिथंच जाईन ना उद्या."

मी स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि नगर परिषदेतून कागद मागवले. बांधकामाआधी मातीची तपासणी झाली होती. चार पिशव्या प्रयोगशाळेत गेल्या होत्या, अहवाल निर्दोष होता. म्हणजे कोणीतरी माती बदलली, असं मी धरून चाललो. नमुने घेणारा कर्मचारी पन्नाशीचा, घरची शेती असलेला, मोजकं बोलणारा. दुसऱ्या दिवशी बाजार होता; सकाळीच त्याला बोलावून ठाण्याबाहेरच्या बाकावर बसवलं. बसून माणूस मऊ पडतो, असा माझा अनुभव होता. दुपारी त्याची बायको डबा घेऊन आली. तिने कोणाकडे न पाहता डबा त्याच्याजवळ ठेवला आणि निघून गेली.

संध्याकाळी मी त्याला आत घेतलं. माती कुठून आणली, कोणी सांगितलं, काय मिळालं, सगळं फिरवून फिरवून विचारलं. मी आवाजही चढवला.

"मी कोनाचा चहाबी नाही घेतला, साहेब," एवढंच तो म्हणत राहिला. "माती तिथलीच हाय."

त्याचं उत्तर एका शब्दानेही बदलेना. खोटं बोलणारा दर वेळी थोडी भर घालतो, हा घालत नव्हता. मी वैतागलो आणि सकाळी जागेवर यायला सांगितलं.

तिथे पंचांसमोर म्हटलं, "कशी घेतली, करून दाखव."

त्याने चपला काढल्या. वरचं गवत, काडीकचरा हाताने बाजूला केला, खुरप्याने खड्डा घेतला, कडेची माती खरवडली. अशी सात-आठ ठिकाणची माती कापडावर मिसळून चार वाटे केले आणि समोरासमोरचे दोन टाकून दिले. शेतातली माती तपासणीला नेताना आपल्याकडे असंच करतात. पण मधल्या एका उघड्या-बोडक्या तुकड्याला तो वळसा घालून गेला.

"तिकडं का नाही गेलास?"

"तिथं कायले जाऊ, साहेब? तिथं गवतबी उगोत नाही. तिथली घेतली तं सारा नमुनाच खराब येईन."

शेतात उकिरड्याजवळची, बांधाची, झाडाखालची माती घ्यायची नसते. त्याला हेच ठाऊक होतं. कार्यालयाने पिशव्या दिल्या होत्या, शोधायचं काय ते कोणी सांगितलं नव्हतं. मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली.

तो तुकडा खणला. हातभर खाली फवारणीच्या औषधाचे गंजलेले, गळके डबे निघाले; त्या तुकड्यात साचलेलं पाणी शेळ्या प्यायल्या असणार. डब्यांवरच्या बॅच नंबरवरून आम्ही गावातल्याच एका औषध दुकानदारापर्यंत पोहोचलो. मुदत संपलेला माल त्याने तिथे पुरला होता.

"गावाबाहेरच तं गाडलं साहेब, कोनाले तरास होता?" तो म्हणाला. शेळ्यावाली बाई समोरच उभी होती. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला आणि अंगणवाडी दुसऱ्या जागी गेली.

नगर परिषदेने त्या कर्मचाऱ्याला दरम्यान निलंबित केलं होतं. त्याने पैसे खाल्लेले नाहीत, असं मी मुख्याधिकाऱ्यांना लेखी कळवलं. तो कामावर परतला. मला वाटलं, प्रकरण मिटलं. पुढे बाजारात तो भेटला तेव्हा मी त्या पत्राचा विषय काढला.

"पत्र साहेबायनं वाचलं," तो शांतपणे म्हणाला. "बाकावर मले साऱ्या बाजारानं पाह्यलं. पोरीचं जमून राह्यलं होतं, ते लोक आले नाही मंग."

चौकशीला आलेल्या माणसाला बाहेर बसवायचं नाही, आत खुर्ची द्यायची, हा नियम मी तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत पाळला. त्या माणसाला त्याचा काहीही उपयोग झाला नाही.