सोमवार, पाणी नाही

तुम्ही नागपुरात राहत असाल तर माझा आवाज तुम्ही ऐकला असण्याची दाट शक्यता आहे. दुपारी नुकता डोळा लागावा आणि गल्लीतून भोंगा लावलेला ऑटो जावा, साड्यांचा सेल, फक्त दोनच दिवस, ताई, माई, आक्का, लवकर या. ती झोपमोड करणारा मीच. निवडणुका आल्या की मी सगळ्याच पक्षांचा. सकाळी एकाला प्रचंड बहुमताने विजयी करायचं, दुपारी त्याच गल्लीत त्याच्या विरोधकाला. गळा दोघांसाठी सारखाच भरून आणायचो, त्या बाबतीत मी फार प्रामाणिक.

असा मनुष्य स्वतः निवडणुकीला उभा राहिला तो पानठेल्यावर.

"जगाले निवडून आणतं, तू काहून नाही उभा राहत गा?" मित्र म्हणाला.

"कुठं?"

"शाळेच्या समितीत. एक जागा रिकामी हाये. तुही पोरगी पाचवीत शिकते ना? बस, झालं. पालक पाहिजे फक्त."

आमच्या वस्तीतल्या मराठी शाळेची व्यवस्थापन समिती. आतापर्यंत मी त्या शाळेत फार तर तीनदा गेलो असेन, त्यातही दोनदा पंधरा ऑगस्टला माईक लावायला. पण निवडणूक हा शब्द कानावर पडला की माझ्या अंगात येतं. मी तयार झालो.

पालकसभा शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, सातवीच्या वर्गात होती. आम्ही सगळे पालक पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलो. बाकीच्या जागा बिनविरोध भरल्या, बायकांचा कोटाही पूर्ण झाला. उरलेल्या एका जागेला दोन नावं आली. एक माझं आणि दुसरं एका बाईचं. ती धंतोलीतल्या एका दवाखान्यात आया होती. रात्रपाळी संपवून तशीच आली होती, फिकट निळी साडी, गळ्यात ओळखपत्र. तिची मुलगी सातवीत होती.

पहिली ती बोलली. बोलली म्हणजे, चौघडी केलेला कागद उलगडला आणि वाचला. पेशंटच्या खाटेला तक्ता टांगलेला असतो ना, तापाचा, औषधाचा, तसा तिने घरी एक तक्ता केला होता. मुलगी रोज येऊन सांगायची, ही लिहायची.

"सोमवार. पोरींच्या संडासात पाणी नाही. कडी तुटलेली. मंगळवार. पाणी नाही. कडी तुटलेली. बुधवार. पाणी आलं, बारा वाजता गेलं. कडी तुटलेली."

असे तीन आठवडे. कुठेही आवाज चढवला नाही. मग तिने कागद खाली घेतला.

"माही पोरगी मधल्या सुट्टीत घरी येते अन् मंग वापस जात नाही. लाज वाटते म्हणते. दिवाळीपर्यंत हे झालं नाही तं मी तिले गावी, कुहीले, आजीकडे ठेवीन. तिथं शाळा लांब हाये. मंग शिकन का नाही शिकन, मले माहीत नाही. म्हणून मले समितीत बसू द्या."

ती बसली. वर्ग एकदम गप्प झाला. आता खरं सांगतो, गप्प झालेली सभा मला सहन होत नाही. ती मला माझ्या नावाने हाक मारते. मी उठलो, खिशातून सेलचं पत्रक काढलं, त्याची तशीच चौघडी केली, तशीच उलगडली आणि तिच्याच आवाजात वाचायला लागलो.

"सोमवार. सर आले, खडू नाही. मंगळवार. खडू आला, सर नाही. बुधवार. सरही आले, खडूही आला, पोट्टे पळाले."

काय हसले लोक. एका म्हाताऱ्या आजोबांना ठसका लागला. मुख्याध्यापिका बाईंनी तोंडाला पदर लावला. ती आया सुद्धा थोडी हसली, हे मी पाहिलं, आणि मला वाटलं, चला, तिलाही आवडलं. मग मी शनिवारपर्यंत गेलो. ते हसू मला आता नीट आठवतं. दवाखान्यात डॉक्टर गमतीचं बोलला की आया हसते, तसलं होतं ते.

मतदान हात वर करून. माझ्यासाठी वर्गभर हात. तिच्यासाठी पुढच्या बाकावरच्या चार बायका, त्यांतल्या एकीने माझ्याकडे पाहून हात अर्ध्यावर आणला. दवाखान्यातल्या बाईने कागद जुन्याच घड्यांवर दुमडला आणि ती गेली.

घरी येऊन मी बायकोला सगळा प्रयोग करून दाखवला. ठसक्यासकट. ती कांदे चिरत होती.

"झालं तुमचं?" तिने विचारलं.

"झालं."

"आपली पोरगी पाण्याची बाटली भरून नेते अन् भरलीच वापस आणते. पाहिली काय कधी?"

बाटली ओट्यावरच होती. मी उचलली. जड होती.

सोमवारी मी सुताराला घेऊन शाळेत गेलो. अर्ध्या तासात त्याने कडी लावली. अर्धा तास. त्या बाईने तीन आठवडे रोज 'कडी तुटलेली' लिहिलं होतं. पाण्याचं मात्र अर्ध्या तासाचं काम नव्हतं. वरची टाकी गळत होती, पाइप बुजला होता, आणि त्यासाठी ज्या कार्यालयात जावं लागलं तिथे माझ्या आवाजाचं काही चाललं नाही. "हळू बोला," टेबलावरचा माणूस म्हणाला, "अन् अर्ज लिहून द्या." मी चार अर्ज लिहिले. गणपतीच्या आधी नळाला पाणी आलं.

मी वाजतगाजत तिच्या घरी गेलो. म्हणजे एकटाच, पण माझ्या मनात वाजत होतं. ती दारात बसून मेथी निवडत होती.

"ताई, कडी लागली. पाणी आलं. आता पोरीले रोज पाठवा शाळेत."

"पोरगी आठ दिवस झाले कुहीले गेली."

"तुम्ही तं दिवाळी म्हटलं होतं."

"मी म्हटलं होतं, समितीत बसू द्या. तुम्ही बसू दिलं काय?"

मी उंबऱ्याबाहेर उभा. तिने मेथीच्या दोन काड्या मोडल्या.

"नाव काटलं काय शाळेतून?" मी विचारलं.

"नाही अजून. बाई म्हणाल्या, थांबून पाहू."

"मंग आणा ना तिले वापस. मी सांगून राहिलो ना, पाणी हाये."

तिने मान वर केली आणि, लोक भोंग्याच्या ऑटोकडे बघतात तसं, माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही तं सगळ्यांसाठीच सांगता, भाऊ. लिहून आणा. एक महिन्याचं. रोजचं."

मग मी लिहायला लागलो. रोज मधल्या सुट्टीत शाळेत जायचं, झाडणाऱ्या मावशीला आत पाठवायचं, तिने बाहेरून ओरडून सांगायचं, मी कागदावर उतरवायचं. सोमवार, पाणी आहे, कडी आहे. पानठेल्यावर माझी फार थट्टा उडवली गेली. "सोमवार, नेता आला, पान नाही," असं मित्र म्हणाला, आणि अगदी माझ्याच आवाजात म्हणाला. चांगली केली त्याने नक्कल.

तिसऱ्या आठवड्यात बुधवारी पाणी गेलं. गुरुवारीही नव्हतं. दोन्ही दिवशी मी पेन हातात घेऊन बराच वेळ बसलो. 'आहे' लिहायला काय लागतं. मी आयुष्यभर नसलेल्या गोष्टी आहेत म्हणून सांगत आलो आहे. आणि 'नाही' लिहिलं तर एक पोरगी कुहीलाच राहण्याची भीती होती. पण त्या बाईने वाचताना बोट ठेवलं असतं त्या जागेवर, हे मला दिसत होतं. मी दोन्ही दिवस 'नाही' लिहिलं.

महिना भरल्यावर कागद घेऊन गेलो. तिने खरंच बोट ठेवून वाचलं, ओळीओळीने. दोन 'नाही'पाशी थांबली. मला वाटलं, आता बोलणी मोडणार.

"या दोन दिवशी पोरी कुठं गेल्या?" तिने विचारलं.

ते मी मावशीला विचारलंच नव्हतं. माझी स्वतःची मुलगी त्या दोन दिवशी त्याच शाळेत होती, आणि मी तिलाही विचारलं नव्हतं.

तिने कागद उलटा केला.

"मागं कोरं हाये. आणखी एक महिना लिहा. अन् हेही लिहा."

"अन् पोरगी?"

"हे लिहिलेलं वाचून पाहीन."

घरी आलो तेव्हा माझी पोरगी पाढे लिहीत बसली होती. मी शेजारी बसलो. बुधवारी आणि गुरुवारी संडासात पाणी नव्हतं तेव्हा तू कुठे गेली होतीस, असं मी तिला विचारलं. जमेल तेवढ्या हळू आवाजात.

"कुठंच नाही," ती म्हणाली, आणि पुढचा पाढा लिहायला लागली.

'कुठंच नाही' ही कागदाच्या मागच्या बाजूची पहिली ओळ आहे.