जवळा सरला की ये

मांडव्याच्या बंदराला मचवा लागला होता. ओहोटी सुरू झाली होती, म्हणून तांडेल ओरडत होता आणि आमचे हे केव्हाच वर चढून बसले होते. मी गुडघाभर पाण्यात उभी होते. माझ्या मागे तशीच पाण्यात माझी आय. तिचं रडून झालं होतं ते घरीच. बंदरावर तिचा चेहरा मासळीचा भाव ठरवताना असतो तसा घट्ट होता. काखेतलं गाठोडं तिनं माझ्या हातात दिलं. जुन्या धडप्यात बांधलेला सुका जवळा, आमच्याच खळ्यातला, कचरा-खडा बघून तिनं स्वतः निवडलेला.

"जवला सरला की ये गो," ती म्हणाली. "सरला की मंग तितं ऱ्हाऊ नको."

मी मान डोलावली. गाठोडंभर जवळा किती दिवस पुरतो हे कोळ्याच्या पोरीला काय सांगायचं? पुढच्या नारळी पुनवेला आपण घरी, असं मी मनाशी पक्कं धरलं आणि मचव्यात पाय टाकला.

ही सत्तावीस-अठ्ठावीस सालची गोष्ट. आमचे हे मुंबईच्या गोदीत इंजिनाचं काम शिकले होते आणि एका गुजराती शेठनं त्यांना आपल्या तांदळाच्या लाँचवर सयामला न्यायचं ठरवलं होतं. सयाम कुठल्या दिशेला हेसुद्धा आमच्या आळीत कुणाला ठाऊक नव्हतं. आता त्या देशाचं नाव बदललं, थायलंड म्हणायचं म्हणतात. माझ्या तोंडात सयामच बसलंय. लिहिते आहे ते आळीतल्या बायांसाठी, ज्या मला 'गेली आणि तिकडचीच झाली' म्हणतात. आणि तुमच्यासाठीही, जे रंगूनला, सिंगापूरला, आफ्रिकेत जाऊन बसलात. अक्षरं मी फार उशिरा गिरवली. हे लेकीला पाटीवर शिकवायचे तेव्हा तिच्या शेजारी बसून शिकले, तेव्हा चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

परदेशात गेलेल्यांना एक सांगायला हवं, कारण सगळे कोळी नाहीत. जवळा म्हणजे नखाएवढी बारीक कोळंबी. ती आणायची, सारवलेल्या खळ्यात पसरायची आणि उन्हात वाळवायची. बाप मी लहान असतानाच वारला. त्यानंतर आयनं घर चालवलं ते या खळ्यावर. आभाळात बोटभर ढग दिसला तरी ती जेवत्या ताटावरून उठून पळायची. ओला झालेला जवळा काळा पडतो, घाण मारतो, आणि मग तो वाडीवाले नारळाच्या बुंध्याला खत म्हणून नेतात. "भिजला म्हंजी गेला," हे मी तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मला वाटायचं, जगात दोनच गोष्टींना इलाज नाही, एक मरण आणि दुसरा भिजलेला जवळा.

आणि माझा जवळा भिजला. आगबोटीवर मी त्याला उशाला घेऊन झोपले होते, पण बँकॉकच्या धक्क्यावर उतरताना गाठोडं हातातून सुटलं आणि सरळ नदीत. यांनी गळ टाकून काढलं. आमचं बिऱ्हाड कालव्याकाठी, पाण्यात रोवलेल्या खांबांवरच्या लाकडी घरात. फळ्यांच्या फटींतून खाली पाणी दिसायचं, दारात होड्या यायच्या, भाजी होडीत, मडकी होडीत, भिक्षा मागणारे साधूसुद्धा होडीत. कोळ्याच्या पोरीला त्याचं अप्रूप वाटायला नको, पण मी सकाळभर दारात बसून नुसती बघत राहायची. जवळा मी वाळत घातला खरा. त्या दमट हवेत तो कसला वाळतोय? दोन-तीन दिवसांत वास सुटला. मी गाठोडं उचललं, पायरीवर बसले, कालव्यात सोडायला हात पुढे केला आणि मला रडू फुटलं. आयनं दिलेली एकुलती एक वस्तू, तीही नीट राखता आली नाही.

तेवढ्यात शेजारच्या पायरीवरून कुणीतरी माझं मनगट धरलं. ती पा चान. 'पा' म्हणजे त्यांच्याकडे थोरली मावशी. केस बारीक कापलेले, दात विड्यानं काळे, आणि आवाज असा की पलीकडच्या काठाला ऐकू जावा. तिनं गाठोड्यात नाक खुपसलं, डोळे मिटले आणि हसली. "मै सिया, मै सिया," म्हणाली. मला तेव्हा एक अक्षर कळत नव्हतं. अर्थ पुढे कळला: नासलं नाही.

तिनं काय केलं ते सांगते, आणि तेव्हा मी जो आ वासला तो अजून पुरता मिटलेला नाही. मूठ मूठ मीठ घातलं, दगडी खलात घालून जवळा कुटला, सुपात थापून उन्हात ठेवला, परत कुटला, आणि बरणीत दाबून भरला. काळसर-जांभळा गोळा. त्याला तिकडं कापी म्हणतात आणि त्याच्याशिवाय त्यांचं पान हलत नाही. आम्ही ज्याला गेला म्हणून हात जोडतो, तिथून यांची सुरुवात!

पुढच्या आठवड्यात तिनं मला बोलावून हिरवं कालवण करून दाखवलं. त्यांच्या भाषेत कॅंग ख्याव वान. हिरवं वाटण आपल्याला काय नवं? मिरची, कोथिंबीर, लसूण, आलं, आपण जन्मभर वाटतोच. पण ही बाई कोथिंबिरीची मुळं धुऊन वाटणात घालत होती, जी आम्ही उकिरड्यावर टाकतो. गवती चहाची पात बाजूला ठेवून तिचा खालचा पांढरा कांदा चिरत होती. मग कापीचा एक गोळा. आणि मग तिनं नारळाचं जाड दूध कढईत ओतलं, खाली जाळ लावला आणि ढवळणं सोडून दिलं. मी ओरडलेच. आमच्याकडे सून नारळाचा रस कसा सांभाळते यावर तिची किंमत ठरते; उकळी येऊ द्यायची नाही, पळी थांबवायची नाही, नाहीतर रस फुटला. पा चाननं माझा हात बाजूला केला. रस फुटला. तेल सुटून वर आलं, आणि त्या तेलात तिनं वाटण टाकलं. जो काही वास उठला! तिखट, हिरवा, लिंबाच्या पानांचा, आणि त्याच्या तळाशी, मी शपथेवर सांगते, आमच्या खळ्याचा. इतका समुद्र ओलांडून माझ्या आयचं खळं त्या कढईत येऊन बसलं होतं. मी भात कालवून खाल्ला. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यातलं मिरचीचं किती नि माझं किती, ते त्या कढईलाच ठाऊक.

दरवर्षी पा चान नवा जवळा आणायची आणि मला शिकवल्याप्रमाणे मी जुन्यातलं थोडं त्या नव्यात मळायची. त्यामुळे माझी बरणी कधी रिकामी झालीच नाही. आमच्या आळीतला पोशाकाका आगबोटीवर खलाशी होता. त्याची बोट तिकडं आली की तो हटकून यायचा आणि दारातूनच विचारायचा, "तुज्या आयनं इचारलंय, जवला सरला का?" मी अभिमानानं बरणी दाखवायची. "सांग तिला, न्हाय सरला. भरलेला हाय." मला वाटायचं, आय खूश होईल, पोरीनं घरचं जपलं म्हणेल. मधे लेक झाली, तिचं नाव सोनी. यांचं लाँचवरचं काम वाढलं. एक नारळी पुनव गेली, दुसरी गेली, मग मी पुनवा धरणंच सोडलं. सोनी मराठी आणि सयामी एका वाक्यात कालवायची आणि आम्हाला दोघांनाही ते कळायचं.

मग एका खेपेला पोशाकाकानं बरणीकडे पाहिलं आणि पाटावर न बसता तसाच उभा राहिला.

"पोरी, तुला सांगू नको म्हनली होती," तो म्हणाला. "तुजी आय जवला खात न्हाय. तू गेलीस तवापासून. एकवीरा आईला बोललीया, पोरीचा जवला सरून ती घरला येईस्तोवर तोंडात घालनार न्हाय."

जवळा ज्या बाईच्या हाताला, केसांना, लुगड्याला आयुष्यभर चिकटला होता, तिनं आठ-नऊ वर्षं तो चाखला नव्हता. आणि मी प्रत्येक खेपेला तिला निरोप धाडत होते की सरला नाही. बरणी तिथंच खरवडून टाकता आली असती, पण मला ते पटेना. तो तिच्या डोळ्यांसमोर सरायला हवा होता. आणि तिच्या तोंडात.

सोनीला आणि बरणीला घेऊन मी मांडव्याला उतरले. आय पाण्यात आली नव्हती. गुडघे गेले होते तिचे. घराच्या पडवीत बसली होती. सोनीला जवळ घेतलं, माझ्या तोंडावरून हात फिरवला, आणि पहिलं वाक्य काय?

"सरला?"

मी बरणी पुढे केली. तिनं झाकण काढलं आणि मान फिरवली. "कुजलाय गो ह्यो."

"कुजला न्हाय आये. मुरलाय."

"भिजला म्हंजी गेला," ती म्हणाली. पण बरणी तिनं खाली ठेवली नाही.

कालवण सगळ्या आळीसाठी करायचं ठरलं, नाहीतर बरणी सरणार कशी? आता सयामातलं सामान मांडव्याच्या बाजूला कुठून आणायचं? आणि इथंच मी दुसऱ्यांदा थक्क झाले. गवती चहा आमच्याच न्हाणीमागे माजला होता. त्यांच्या वाटणात पडतं त्या उग्र आल्यासाठी मी अलिबागला काष्ठौषधीच्या दुकानात गेले, तर बसलेल्या गळ्यासाठी तोंडात धरतात तेच कोळिंजन! ते सुकं लाकूड रात्रभर भिजत घातलं. पा चान वरून तुळशीसारखी पानं टाकायची; आपली तुळस काही कालवणात घालायची नाही, पण तिचीच बहीण सब्जा कुंपणाला होती. त्यांच्या लिंबाच्या जोडपानांऐवजी पपनसाची पानं घेतली, तीही तशीच जोडीची. त्यांच्या वाटाण्याएवढ्या वांग्यांच्या जागी कडवट हिरवी डोरली रानातून आणली. सगळं इथंच होतं. माझ्या लहानपणापासून माझ्या पायाशी होतं, आणि ते दिसायला मला सयामला जावं लागलं.

मी पाट्यावर वाटायला बसले. आय कोथिंबिरीची मुळं मोडून टाकायला लागली तेव्हा सोनीनं तिचा हात धरला, थेट पा चाननं माझा धरला होता तसा. बरणीतला शेवटचा कण मी बोटानं निपटून वाटणात घेतला आणि रिकामी बरणी आयला आतून दाखवली. मग चुलीवर मोठा टोप चढवला, नारळाचं जाड दूध ओतलं आणि पळी बाजूला ठेवली. बायांचा एकच गलका. "अगो ढवल ना! रस फुटला! फुकट घालवलास!" एकटी आय टोपात बघत होती. तेल सुटलं, वाटण पडलं, रंग चढला, कोवळ्या भातरोपांसारखा हिरवा, आणि वास उठला तशा ओरडणाऱ्या बाया टोपाजवळ सरकल्या. मग कोळंबी घातली, डोरली घातली, वरून पानं टाकली.

आयच्या पानात मी भात वाढला, त्यावर कालवण. तिनं एकवीरेला हात जोडले, घास कालवला आणि तोंडात घातला. चावायची थांबली. मला वाटलं, थुंकते आता. तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं आणि तिनं ते पुसलंसुद्धा नाही.

"माज्याच खल्यातला हाय," ती म्हणाली.

मी तिला कसं सांगू, की त्या बरणीत तिच्या जवळ्याचा उरला असेल तो कणभर? बाकी सगळा सयामच्या दर्याचा. पण ती खोटं बोलत नव्हती. मलाही तीच चव लागत होती. त्या दिवशी तिनं दोनदा भात मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्यावर गेले तर आय बसली होती, पुढ्यात उखळ. ताजा जवळा, अर्धवट ओला, त्यावर मीठ, आणि ती मुसळानं कुटत होती. आयुष्यभर ढगाला घाबरलेली बाई स्वतःच्या हातानं जवळा ओला ठेवत होती! माझी न धुतलेली बरणी शेजारी होती. "वास हाय अजून हिच्यात," ती म्हणाली, "त्यावरच लागंल." दिवस दिवस उन्हात थापून, परत कुटून, माझी निघायची वेळ आली तेव्हा तिनं बरणी भरली आणि फडक्यानं तोंड बांधलं.

या वेळी ती बंदरावर आली. सोनीच्या खांद्यावर हात ठेवून, एकेक पाऊल टाकत. बरणी माझ्या हातात दिली आणि मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले, ते शब्द येतील म्हणून.

"ह्यो काय सरनार न्हाय गो," आय म्हणाली. "मना कललं आता. तरी ये."

बँकॉकात पा चाननं फडकं सोडून वास घेतला, डोळे मिटले, आणि आपल्या बरणीत घालायला त्यातला मूठभर मागून घेतला. तेव्हापासून कालव्यावरच्या किती चुलींवर माझ्या आयचा जवळा शिजत असेल, मला ठाऊक नाही. लोक विचारतात, तुझं घर कुठलं? आधी मी मांडव्याचं नाव घ्यायची आणि पदर डोळ्याला लावायची. आता चुलीवर रस फुटून तेल सुटलं, की दोन्हीकडच्या बायका माझ्यावर एकदमच ओरडताहेत असं वाटतं आणि मला हसू येतं.

आज हे लिहिताना बरणी समोर आहे. अर्ध्याहून जास्त भरलेली आहे. तरी मी पुढच्या बोटीनं मांडव्याला निघते आहे.