थोरलीचा दाखला

दाखल्यावरच्या नावावर ती आधी अंगठा ठेवायची आणि मगच तो माझ्यापुढे सरकवायची. "नाव सोडा बाबूजी, बाकी सगळं माझंच हाय," असं म्हणायची. आता दाखल्यातलं नाव सोडलं तर उरतं काय? पण हे तिला पटवणं माझ्या बापालाही जमलं नसतं.

मी महागाव तालुक्यातल्या एका शाळेत बाबू आहे. शाळा सुटलेल्यांना बाहेरून दहावीला बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो, आणि आमची शाळा त्याचं संपर्क केंद्र. नियम तसे सोपे. वयाची चौदा वर्षं पूर्ण, किमान पाचवी पास, शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार कार्ड, फोटो. तुम्ही कधी सरकारी टेबलाच्या आतल्या बाजूला बसला असाल तर तुम्हालाही ठाऊक असेल, सोप्या नियमांत न बसणारी माणसंच जास्त येतात. मी त्यांना पटापट परत पाठवायचो. कामाला वाघ अशी माझी ख्याती होती, आणि मला तिचा गर्वही होता.

ती जवळच्या तांड्यावरची, बंजारा समाजाची. पहिल्यांदा आली तेव्हा वय आधारवर एकोणचाळीस, अंगानं काटक. खुर्ची पुढे केली तरी बसायची नाही. बसलेल्या माणसाला बाबू लोक 'उद्या या' म्हणतात, उभ्याचं काम लवकर उरकतात, असा तिचा अनुभव होता. खरं सांगायचं तर अनुभव चुकीचा नव्हता.

दाखला सातवी पासचा होता, पण तिच्या थोरल्या बहिणीच्या नावाचा.

त्याचं असं झालं होतं. थोरलीचं नाव उशिरा, दहाव्या वर्षी पहिलीत घातलं, आणि आईबापांनी तिला ऊसतोडीला सोबत नेलं, खोपीवर भाकरी थापायला आणि तान्ह्या भावाला सांभाळायला. धाकटी ही, आजीजवळ तांड्यावर राहिली. पट कमी दिसू नये म्हणून गुरुजींनी हिला थोरलीच्या जागी बसवलं. थोरलीचं नाव पुकारलं की हिनं हजर म्हणायचं. सात वर्षं ही हजर म्हणत राहिली. मधेच थोरली तिकडे उसाच्या फडावरच तापानं गेली. तिची नोंद ना तिकडे झाली ना इकडे. शाळेच्या पटावर ती जिवंत होती, पासही होत होती. आणि हिचं स्वतःचं नाव कुठल्याच शाळेच्या कुठल्याच वहीत नव्हतं.

तुमच्यामाझ्या घरात अशी चूक झाली नसती असं म्हणू नका. सहा महिने घराला कुलूप लावून जावं लागलं नाही, एवढंच आपलं नशीब.

तिला दहावी हवी होती ती आशाताई होण्यासाठी. तांड्याची जागा रिकामी होती. दहावी झालेल्या सुना तांड्यात टिकत नव्हत्या, पुण्याला जात होत्या. बाळंतपणाला बायकांना दवाखान्यात न्यायचं काम मात्र हीच करायची, बिनपदाची. आरोग्य खात्यातल्या कुणीतरी तिला सांगितलं होतं, दहावी कर, तुझंच नाव घेऊ. तिथून ती माझ्याकडे आली.

पहिल्या वर्षी मी तिला परत पाठवलं. आधारवर एक नाव, दाखल्यावर दुसरं, मी काय करणार? दुसऱ्या वर्षीही परत पाठवलं. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "येते मंग पुढच्या सालाले," जसं काही मी तिला जेवायला बोलावलं होतं.

तिसऱ्या वर्षी मी बायकोच्या गोळ्या आणायला ग्रामीण रुग्णालयात गेलो होतो. तिथे ही एका अडलेल्या पोरीला धरून उभी. नर्सनं विचारलं, तुम्ही कोण, आशा का? ही म्हणाली, "नाही जी, शेजारीन." त्या पोरीच्या हाताची नखं हिच्या दंडात रुतली होती. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

मग मीच तोड काढली. तहसीलला जाऊन प्रतिज्ञापत्र करायचं, की या नावाची आणि त्या नावाची व्यक्ती एकच. मजकूर मी लिहिला, आणि चांगला लिहिला. मी वाचून दाखवला तेव्हा तिनं विचारलं, "म्हंजे मोठी बाई कधी होतीच नाही, असं झालं का?"

थोरल्या बहिणीला ती बाई म्हणायची. मी म्हणालो, ताई, कागदापुरतं आहे. तिनं सही केली.

घरी जाऊन तिनं आईला सांगितलं. बंजारा बोलीत आईला याडी म्हणतात. याडीनं हेल काढून रडायला सुरुवात केली. कोण गेलं म्हणून सगळा तांडा गोळा झाला. तीस वर्षांपूर्वी परमुलखात मुकाट गिळलेलं रडणं म्हातारीनं त्या दिवशी रडून घेतलं, आणि नंतर लेकीशी बोलणं टाकलं.

त्या वर्षीही नवरा ऊसतोडीला एकटाच गेला. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात, आणि मुकादम त्याला शेवटी घेतो. ही मागे राहिली ती अभ्यासासाठी आणि तांड्यातल्या बायांसाठी. बीजगणितानं तिला फार छळलं. आमच्या गणिताच्या सरांना तिनं विचारलं होतं, क्ष कायले शोधायचा, हरवला असन तं राहू द्या. मार्चमध्ये ती लेकराच्या वयाच्या पोरांत बसली. पर्यवेक्षकानं थोरलीचं नाव पुकारलं, आणि ती पुन्हा एकदा हजर म्हणाली.

ती पास झाली. गणितात काठावर, पण झाली. मी शाळेत पेढे वाटले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा मला कुठे कळलं होतं?

गुणपत्रिका घेऊन ती तालुक्याला गेली आणि त्याच दुपारी परत आली. आशाताईसाठी वयाची अट पंचेचाळीसची. आधारवर ती बेचाळीस. पण बोर्डानं जन्मतारीख घेतली होती दाखल्यावरची, थोरलीची, चार वर्षं आधीची. दहावी धरायची तर तारीखही तीच धरावी लागेल, असं तिला सांगण्यात आलं. त्या तारखेनं ती सेहेचाळीस होती.

मला परीक्षेचे नियम तोंडपाठ होते, पण पुढचा नियम मी विचारलाच नव्हता. आणि तुमच्यापासून कशाला लपवू, ती पहिल्यांदा आली तेव्हा थोरलीच्या तारखेनंही ती त्रेचाळीसच होती. मी तिला दोनदा परत पाठवलं नसतं तर ती बसली असती.

ऑगस्टमध्ये ती परत आली. आता तिला स्वतःच्या नावानं फॉर्म भरायचा होता. मी नियम पुन्हा वाचला, उगीचच. किमान पाचवी पास. तिच्या नावावर पहिलीसुद्धा नव्हती.

"बाई पास झाली बाबूजी," ती म्हणाली. "मी तं अजून शाळेतच गेली नाही." त्या दिवशी ती खुर्चीवर बसली. बराच वेळ बसली. मी चहा मागवला, तो तिनं घेतला नाही.

आशाताईची जागा एका सुनेला मिळाली. ती तांड्याच्या यादीत आहे, राहते पुण्याला.

दिवाळीनंतर मी तांड्यावर गेलो. माफी मागायची होती, कशी मागतात ते ठाऊक नव्हतं. पोचलो तेव्हा मुकादमाचा ट्रक भरत होता. या वर्षी कोयता पूर्ण होता. ती भांड्यांच्या पोत्यावर बसली होती, नवरा शेजारी. म्हातारी याडी दारातून हलली नाही.

एक पोटुशी पोर ट्रकच्या मागच्या फळीला धरून उभी होती. "काकी, मंग मले कोन नेईन?" तिनं विचारलं.

तिनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. ट्रक निघाला. पोरीचे दिवस भरायला दीड महिना होता, आणि ट्रक पाच महिन्यांनी परत येणार होता.